अर्ध्या तोंडाचं हसू

मी बदली होऊन डहाणूला आलो त्या पहिल्याच दिवशी माझ्या घरमालकांनी मला गर्दीत टाकलं.

सरावलीला त्यांच्या घराच्या वरची खोली रिकामी आहे असं ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं होतं. मी फाटक उघडून आत गेलो. ओट्यावर लुंगी आणि बनियन घातलेले एक साठीचे गृहस्थ बसले होते. नमस्कार करून मी नाव, गाव, खातं, लग्न झालेलं नसल्याची कबुली असं सगळं ओळीने सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बोलू नका. परत फाटकापर्यंत जा आणि चालत या."

सोवळ्याओवळ्याचा काही प्रकार असेल असं वाटून मी गेलो आणि चालत आलो. त्यांनी मान कलती करून मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला.

"गर्दी. पण चांगल्या गर्दीतले. खोली घ्या."

चार वर्षं मी त्या खोलीत राहिलो. त्या चार वर्षांत मला बढती मिळाली, चष्मा लागला, पोट सुटलं. त्या घरात मात्र मी गर्दीतून वर सरकलो नाही.

सगळी सरावली त्यांना ऑपरेटर काका म्हणायची. डहाणू रोडला पूर्वी एक थिएटर होतं, आता तिथे लग्नाचा हॉल आहे. त्या थिएटरच्या मशीन केबिनमध्ये काकांनी सत्तावीस वर्षं सिनेमे दाखवले. एवढं ऐकल्यावर माणूस सिनेमे कोळून प्यायलेला असणार असं कुणालाही वाटेल. काका प्यायलेच होते, पण आवाज गाळून. केबिनमध्ये मशीनचा खडखडाट इतका, की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. ऑपरेटरला ऐकण्यासाठी म्हणून तिथे एक छोटा स्पीकर असायचा, तो काका कामाला लागले त्याच वर्षी बंद पडला. त्यांनी तक्रार केली तेव्हा थिएटरचे मालक म्हणाले, "तुला पिक्चर दाखवायला ठेवलाय की ऐकायला?" तेव्हापासून काका त्या वीतभर काचेतून दिवसाला चार खेळ, आठवड्यांमागून आठवडे, माणसांची नुसती तोंडं हलताना बघत राहिले. एखादा साधा माणूस कंटाळून नोकरी सोडून चिकूच्या वाडीत कामाला गेला असता. काकांनी त्याचं शास्त्र केलं.

"पिक्चर कसला आहे हे मानेवरून कळतं," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "भुताचा असेल तर आधी मान वळते, मग डोळे. खुनाचा असेल तर नुसते डोळे वळतात, मान हलत नाही. कॉमेडीत अख्खा माणूस वळतो. आणि कौटुंबिक असेल तर कोणी वळतच नाही, सगळे एका लाइनीत पब्लिककडे तोंड करून उभे."

मी तोंडावर हसलो. मग खोलीत जाऊन मोबाईलचा आवाज बंद करून पाच-सहा सिनेमे चाळून बघितले. काका एकदाही चुकले नव्हते, याचा मला फार राग आला.

असे त्यांचे शंभर नियम होते. दारातून हिरो खांद्याने आत येतो, पोलीस पोटाने, विनोदी नट पायाने आणि आई हातातल्या ताटाने. खरं रडणारा मनगटाने डोळे पुसतो, खोटं रडणारा बोटाच्या टोकाने. जो माणूस खुर्चीत बसल्यावर खुर्चीचे हात कुरवाळतो त्याला ते घर आपल्या नावावर करून हवं असतं. पण या सगळ्यांवरचा, वटहुकूम म्हणावा असा नियम खलनायकाचा होता. अर्ध्या तोंडाने हसतो तो खलनायक. त्याची एक बाजू हसते आणि दुसरी बाजू समोरच्याकडे बघत बसते. हे सांगताना काका स्वतः तसं हसून दाखवायचे, आणि ते इतकं नेमकं जमायचं की ओट्याखाली पडलेलं कुत्रं उठून शेजारच्या अंगणात जायचं.

शास्त्र होतं, पण गोष्टी मात्र काकांना सगळ्या चुकीच्या माहीत होत्या. एकदा त्यांनी मला एका सिनेमाची कथा सांगितली. त्यात सून सासऱ्याला रोज दुधातून विष देते आणि तो म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवत ठेवत मरतो. तो सिनेमा मी लहानपणी आईबरोबर बघितला होता. दुधात औषध होतं, आणि ती त्याची सून नसून मुलगी होती. मी तसं सांगितलं. काका जराही विचलित झाले नाहीत.

"मग पेला देताना तिने दाराकडे का बघितलं?"

याचं उत्तर कदाचित दिग्दर्शकाकडेही नसेल.

घरात टीव्हीचा आवाज कायम बंद. काकू बिचाऱ्या मालिकांच्या शौकीन. त्यांनी यातून आपली वाट काढली होती. शेजारणीला त्याच वेळी तीच मालिका लावायला सांगायची आणि मधली खिडकी उघडी ठेवायची. चित्र स्वतःच्या घरी आणि आवाज शेजारचा. दोन्हींच्या मध्ये दोनेक सेकंदांचा फरक पडायचा, त्यामुळे काकूंच्या टीव्हीवर थप्पड आधी बसायची आणि तिचा आवाज मागाहून यायचा. काकूंना त्याची इतकी सवय झाली होती की एकदा त्या तलासरीला बहिणीकडे राहायला गेल्या तेव्हा तिथला टीव्ही बिघडला आहे असं सांगत परत आल्या.

काका माणसांचंही असंच बघायचे. तुम्ही काय बोलता याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. माझ्या खोलीतला पंखा फिरत नव्हता. मी खाली जाऊन तक्रार केली. काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुमच्या खांद्यांवरून हे पंख्याचं दुःख वाटत नाही. घरून पत्र-बित्र आलंय का?" मी म्हटलं, पत्र नाही, घाम आला आहे. पण तोवर त्यांचं बघून झालं होतं. तो पंखा मी शेवटी स्वतःच दुरुस्त करून घेतला, आणि त्या दिवशी जिना चढताना माझी चाल बघून काका काकूंना म्हणाले, "बघ, पोराचं घरचं मिटलं."

चिखल्याहून मासे घेऊन येणारी एक मावशी होती. तिला ते दारात उभं करून ठेवायचे आणि टोपली उतरवताना, पदर खोचताना, बोंबील उचलताना असं सगळ्या बाजूंनी बघायचे.

"नायिका आहे ही," ते मला म्हणायचे. "दिग्दर्शक भेटला नाही एवढंच."

"काका, बोंबील घ्यायचेत का थोबाड बघायचंय?" मावशी ओरडायची. "मला अजून चार घरं हायत."

काका यावर म्हणायचे, "बघा, रागावली की भुवई एकच वर जाते." काय बोलली ते त्यांच्या कानापर्यंत पोचलेलंच नसायचं.

सकाळी ओट्यावर त्यांचा खेळ असायचा. दूध घ्यायला निघालेले, रिक्षावाले, बसची वाट बघणारे असे पाच-सहा जण फाटकाशी जमायचे. काका नुसत्या चेहऱ्याने एकच वाक्य पाच तऱ्हेने करून दाखवायचे. 'चहा झाला का?' हे भुताच्या सिनेमात, खुनाच्या सिनेमात, प्रेमाच्या, भक्तीच्या, आणि शेवटी विनोदी. गाल कुठल्या कुठे जायचे, जबडा लटकायचा, एक डोळा बारीक व्हायचा. लोक ओळखायचे आणि टाळ्या वाजवायचे. टवाळी करायची म्हणून मीही वरच्या गॅलरीत उभा राहायचो आणि शेवटी टाळ्या वाजवून खाली यायचो. माणूस चक्रम होता, पण त्याच्या तोंडाला तोड नव्हती, हे मला कबूल केलं पाहिजे.

या सगळ्याची मला तरी गंमतच वाटत राहिली असती. पण त्यांना एक मुलगी होती, वैशाली, आणि तिचं लग्न व्हायचं होतं.

वैशाली तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका होती. रोज एसटीने जायची-यायची. बत्तीस वर्षांची झाली होती आणि तिला आलेली चार स्थळं काकांनी फाटकापासून ओट्यापर्यंतच्या तीस पावलांत बाद केली होती. पत्रिका नाही, पगार नाही, शिक्षण नाही, काहीच विचारायचं नाही. मुलाने चालत यायचं, चपला काढायच्या, बसायचं, चहा प्यायचा आणि कशावर तरी हसायचं. एकाने चपला बाहेरच्या दिशेने तोंड करून काढल्या म्हणून तो गेला, "पळायची तयारी ठेवूनच आलाय." दुसरा ओट्यापर्यंत पोचण्याआधीच वाकला, तर "पाया पडायची घाई आहे, म्हणजे पाप मोठं आहे." तिसरा इंजिनियर होता, बोईसरला बंगला होता. तो बशीत चहा ओतताना काकूंकडे बघून हसला. काका म्हणाले, "याचा पिक्चर कोणता ते मला कळत नाही, आणि कळत नाही तो पिक्चर मी घरात लावत नाही." चौथ्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, तेव्हा मी रजेवर होतो.

पाचवा सुरेश. वैशालीच्याच शाळेतला शिक्षक, गंजाडचा. वडील शेतकरी, भात आणि नागली लावणारे. हे स्थळ मध्यस्थाने आणलेलं नव्हतं. दोघांनी एकमेकांना तीन वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बघून, बोलून, शाळेचं पोषण आहाराचं रजिस्टर बरोबर भरून पसंत केलं होतं. एका रविवारी सुरेश वडिलांना घेऊन आला. वडिलांच्या हातात वाल-पापडीची पिशवी होती. मला काकूंनी चार माणसं दिसावीत म्हणून खाली बोलावलं होतं.

सुरेश फाटकातून चालत आला. चाल चांगली होती. चपला सरळ काढल्या. चहा आवाज न करता प्यायला. काकांचा चेहरा मऊ होत चाललेला मी बघत होतो. वैशाली दाराच्या आड उभी होती. मग काकूंनी शाळेतल्या मुलांचं काहीतरी विचारलं आणि सुरेश हसला.

उजवी बाजू वर गेली. डावी होती तिथेच राहिली.

काका उठून उभे राहिले. "झालं. बस."

सुरेशला कळलं. त्याला ते आयुष्यभर कळत आलं असणार. तो शांतपणे म्हणाला, "काका, मी सात वर्षांचा होतो तेव्हा माझ्या..." आणि त्याचे वडील मध्येच घाईने म्हणाले, "पोर असताना तोंडावरून वारा गेला याच्या. दवाखान्यात न्यायला उशीर झाला आमाला. आमचीच चूक हाय ती, त्याची नाय."

एवढं स्पष्ट, एवढ्या मोठ्याने ते बोलले. मी ऐकलं, काकूंनी ऐकलं, मधली खिडकी उघडी असल्यामुळे शेजारणीनेही ऐकलं. काका मात्र सुरेशच्या डाव्या गालाकडे बघत होते. ते लोक गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून समाधानाने म्हणाले, "पहिल्या रिळातच पकडला."

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. पण मला जे काम दिलेलं होतं तेच मी इमानाने केलं, उभा राहिलो आणि बघत राहिलो.

सरावलीत लोक म्हणायला लागले, चेहरा कसला, गंजाडचा पाडा आडवा येतोय. मलाही तेच खरं वाटलं, कारण ते समजायला सोपं होतं. आठवड्याने वैशाली जिन्यात भेटली तेव्हा मी शहाणपणाने तसं म्हटलं.

"तसं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "बाबा जातीवरून अडून बसले असते ना, तर मी भांडले असते. ते भांडण मला येतं. चेहऱ्याशी काय भांडू? तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?"

मी बोलायला गेलो. दोन दिवस वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य संपायच्या आतच काका म्हणाले, "तुमचे गुडघे सांगतायत, तुम्हाला कोणीतरी पाठवलंय." गुडघ्यांनी खरंच सांगितलं असावं, कारण मी तिथून लगेच उठलो.

दोन वर्षं गेली. वैशालीने दुसरं स्थळ बघायला साफ नकार दिला आणि पळून जायलाही. "बाबांनी हो म्हटल्याशिवाय नाही," एवढंच ती म्हणायची. शाळा सुटल्यावर सुरेश कधीकधी मोटरसायकलवर तिला फाटकापर्यंत सोडायचा, आत यायचा नाही. ओट्यावरून काका त्याच्याकडे बघायचे आणि मला सांगायचे, "अजून आहे हा पिक्चरमध्ये. सहाव्या रिळात उलटेल बघा."

मग तो रविवार आला. काकू आणि वैशाली घोलवडला कुणाच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. सकाळी काका चहाचा कप घेऊन ओट्यावर आले. फाटकाशी नेहमीची मंडळी होती. काकांचं तोंड उजवीकडे ओढलेलं होतं, डाव्या ओठाचा कोपरा खाली लोंबत होता, डावा डोळा सताड उघडा आणि त्यातून पाणी. त्यांनी कप तोंडाला लावला आणि चहा डाव्या बाजूने हनुवटीवरून बनियनवर आला.

अशा टाळ्या त्या ओट्याला त्याआधी कधी पडल्या नव्हत्या.

"खलनायक! म्हातारा खलनायक!" रिक्षावाला ओरडला. "नाय रे, भुताचा आहे." मी वरून ओरडलो, "काका, चहा सांडला तो कॉमेडीतला." काका काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. ओठ जुळत नसल्यामुळे नुसतेच फुसफुस आवाज येत होते. ते ऐकून तर लोक फाटकाला धरून हसायला लागले. मी गॅलरीचा कठडा थोपटून टाळ्यांचा ठेका धरला. काका घाबरले होते. ती भीती त्यांच्या फक्त अर्ध्या चेहऱ्यावर उमटत होती, आणि ते आम्हाला फारच बहारीचं वाटलं. आज लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण त्या सकाळी मला नुसती मजा वाटली होती.

शाळेच्या पेपरांचा गठ्ठा वैशालीला द्यायला सुरेश त्याच वेळी फाटकाशी आला होता. त्याने एकदाच बघितलं. गठ्ठा तिथेच टाकला, माणसांना बाजूला सारलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ओटा चढला.

"काका, डोळे मिटा. दोन्ही."

उजवा मिटला. डावा मिटला नाही.

"भुवया वर करा. कपाळाला आठ्या घाला."

अर्ध्याच कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन्ही हात वर करा. बरोबर. पाय?" मग तो मागे वळून आमच्यावर ओरडला. "हे नाटक नाहीये! हसताय काय? माझंही असंच झालं होतं, आणि तेव्हाही आधी सगळे हसलेच होते."

आम्ही तिघे एका मोटरसायकलवर दवाखान्यात गेलो. पुढे सुरेश, मध्ये काका, मागे त्यांना धरून मी. काकांच्या डाव्या डोळ्याला वारा लागू नये म्हणून मी माझा पंजा त्यावर धरला होता आणि ते पाणी माझ्या मनगटावरून बाहीत जात होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस आहे, म्हणून सांगितलं. लगेच आणलंत हे चांगलं केलंत, म्हणाले. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्याला पट्टी, आणि रोज आरशासमोर चेहऱ्याचे व्यायाम. बरं व्हायला काही महिने लागतील.

व्यायाम शिकवायला सुरेश रोज यायला लागला. शाळा सुटली की तलासरीहून थेट सरावली. ओट्यावर दोन खुर्च्या, समोर काकूंच्या कपाटाचा आरसा भिंतीला टेकवलेला.

"हसा, काका. आता रागवा. गाल फुगवा. हवा सुटतेय, बोटाने धरा डावीकडे. ओठांचा चंबू करा. शिट्टी."

ज्या माणसाने पाच-सहा जणांच्या गर्दीला रोज पाच तऱ्हांचे चेहरे करून दाखवले, त्याला आता साधा 'आ' करता येत नव्हता, आणि शिकवत होता पहिल्या रिळात पकडलेला खलनायक. हे बघून कुणालाही हसू यावं, आणि मला आलंही. पण पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की काका आरशात बघतच नाहीत. नजर आरशाच्या चौकटीवर. सुरेश म्हणायचा, "स्वतःकडे बघा, त्याशिवाय नस शिकत नाही." काका बघायचे आणि लगेच मान वळवायचे. आधी मान, मग डोळे. आरशात अर्ध्या तोंडाने हसणारा माणूस बसलेला होता आणि त्याच्याबद्दलचा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी शिट्टीचा व्यायाम मध्येच थांबवून त्यांनी सुरेशला विचारलं. शब्द घसरत होते, पण समजत होतं.

"तुला किती वर्षं झाली?"

"सत्तावीस."

"लोक काय म्हणतात?"

सुरेश आरशातूनच त्यांच्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही म्हणालात तेच." आणि मग, "परत चंबू करा."

काकांनी चंबू केला. पुढचा अर्धा तास त्यांनी एकही व्यायाम चुकवला नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ते घडलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. काकू पापडी मोडत होत्या. व्यायाम आटोपले होते आणि सुरेश निघायच्या बेतात होता. वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारातून बाहेर आली. काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. त्यांनी काहीतरी ठरवलेलं होतं हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. चार वर्षांत तेवढं मी शिकलो होतो.

"तुम्ही दोघं लग्न करा," काका म्हणाले. "माझं हो आहे."

त्यांना मनापासून हसायचं होतं. उजवा गाल वर गेला, डावा तसाच लोंबत राहिला, डावा डोळा वैशालीवर रोखलेला. नेमकं ते हसू. त्या घरात तीस-बत्तीस वर्षं ज्याची ओळख करून दिली गेली होती, तेच.

वैशालीचा चेहरा पडला. "नको बाबा. असं टाकून बोलू नका."

"टाकून नाही. खरंच हो आहे."

जास्त खरं दिसावं म्हणून त्यांनी जास्त जोर लावला. त्याने तोंड आणखी वाकडं झालं. काकू पापडी खाली टाकून म्हणाल्या, "अहो, पोरगा एवढा रोज येऊन तुमची सेवा करतोय, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर टोमणे मारता?"

"अगं, मी हो म्हणतोय!" काका आता ओरडले. ओरडल्यावर तर तो चेहरा बघवत नव्हता.

"तुमच्या मनात नसेल तर नको आम्हाला," वैशाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी थांबेन अजून. पण असं नको."

खरं सांगतो, मलाही तो टोमणाच वाटला. मी काकांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि त्या तोंडावर होकार कुठेच नव्हता. काकांनी आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघितलं. सत्तावीस वर्षं काचेमागे बसून आणि नंतरची सगळी वर्षं ओट्यावर बसून त्यांनी जी माणसं तयार केली होती ती हीच. ते म्हणाले, "हो. हो. हो." कुणीही हललं नाही. उजव्या डोळ्यालाही पाणी आलं होतं.

सुरेशने हातातली मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली. तो पुढे आला आणि वैशालीसमोर उभा राहिला. शाळेतल्या सवयीने तो तिला तेव्हाही मॅडमच म्हणायचा.

"मॅडम, ते हो म्हणतायत. मी ऐकलं. चार वेळा म्हणाले."

"पण त्यांचं तोंड बघा ना, सर."

"तोंडाकडे नका बघू," सुरेश म्हणाला. "ऐका."

वैशालीने डोळे मिटले. चहाचा ट्रे तिने तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"बाबा," ती म्हणाली, "परत म्हणा."

काकांनी परत म्हटलं.